जाहकाच्या गावी

प्रवासाला निघताना एक हेतू मनात धरून निघावे आणि परतताना भलतीच आठवण बरोबर घेऊन यावे, असा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल. मी जोधपूरहून जैसलमेरकडे निघालो, तो तेथील किल्ला आणि वाळूच्या टेकड्या पाहण्यासाठी. दोन्ही पाहून झाले. पण आज त्या प्रवासाची आठवण निघाली की डोळ्यांपुढे प्रथम येतो तो मुठीएवढा एक काटेरी गोळा आणि त्यातून हळूच बाहेर आलेले एक ओले, टोकदार नाक.

जोधपूर ते जैसलमेर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटरांचे. फलोदी मागे पडल्यावर गाडीच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश हळूहळू बदलत जातो. शेते विरळ होतात, खेजडीची झाडे एकमेकांपासून दूर सरतात, आणि केर, फोग, रुई यांची झुडपे व सेवण गवताचे झुबके एवढेच काय ते वाळूला धरून राहतात. आम्ही या प्रदेशाला वाळवंट म्हणतो खरे. पण थरचे वाळवंट हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. नजर पोहोचेल तिथे कुठे ना कुठे एखादी 'ढाणी', म्हणजे शेतातली चार-सहा घरांची वाडी, दिसतेच. जैसलमेरच्या बाजूला वर्षभरात पाऊस पडतो तो दोनशे मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्या पाण्यावर माणसे, उंट, शेळ्यामेंढ्या, हरणे आणि असंख्य लहान जीव शतकानुशतके एकमेकांना सांभाळून राहिले आहेत.

जोधपूरच्या एका महाविद्यालयात शिकविणारे माझे एक स्नेही मूळचे अशाच एका ढाणीतले. त्यांच्या आग्रहामुळे जैसलमेर पाहून परत येताना मी रामदेवरा स्थानकावर उतरलो आणि दोन दिवस त्यांच्या घरी राहिलो. जुलै संपत आला होता आणि दोनच दिवसांपूर्वी हंगामातला पहिला चांगला पाऊस झाला होता. घराजवळच्या टाक्यात, म्हणजे पावसाचे पाणी साठविण्यासाठी बांधलेल्या जमिनीखालच्या हौदात, पाणी आले होते. घरात सणासारखा आनंद होता. स्नेह्यांचे वडील, ज्यांना लहानथोर सारेच 'बाबोसा' म्हणत, ते दिवसभर बाजरीच्या पेरणीत गुंतले होते. रात्री बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि ताक असे जेवण झाल्यावर आम्ही अंगणात बाजा टाकून बसलो. तेवढ्यात त्यांचा दहा वर्षांचा नातू धावत आला आणि म्हणाला, "बाबोसा, वईपाशी झाऊ आला आहे!"

शेताभोवती वाळलेल्या बोरीच्या काटेरी फांद्यांची वई घातलेली होती. मुलाने विजेरीचा झोत तिच्या बुडाशी टाकला. प्रथम मला काहीच दिसले नाही. फक्त कोणीतरी नाकाने फुसफुस करीत असल्याचा आवाज ऐकू आला. मग वाळूवर पडलेली एक काळसर वस्तू हलली आणि लगेच निश्चल झाली. मी उचलण्यासाठी वाकलो तेव्हा बाबोसांनी माझा हात धरला.

"उचलू नका," ते म्हणाले. "तुम्हांला टोचेल म्हणून नाही सांगत. तो घाबरतो. विजेरी बाजूला घ्या आणि जरा थांबा."

आम्ही थांबलो. पाच मिनिटे गेली असतील, दहाही गेली असतील. चांदणे पुरेसे होते. गोळ्याला एका बाजूला बारीक चीर पडल्यासारखी झाली, तिच्यातून नाक आले, त्यामागून दोन चमकदार डोळे आणि मग, मला ज्यांची मुळीच अपेक्षा नव्हती असे, सशाच्या पिलाला शोभावेत एवढे दोन लांब कान! चारी पायांवर उभा राहून त्याने वारा हुंगला. वाळूवरून एक भुंगेरा सरपटत चालला होता. त्याचा कुरकुर आवाज करीत फडशा पाडला आणि आमची पर्वा न करता तो पुढच्या शिकारीला निघून गेला.

या प्राण्याचे इंग्रजी नाव हेजहॉग. मराठीत त्याला जाहक म्हणतात. पण हा शब्द पुस्तकाबाहेर फारसा आला नाही, आणि म्हणून आपल्याकडे पुष्कळ लोक त्याला साळिंदर समजतात. हा घोटाळा दूर करणे अवघड नाही. साळिंदर हे मोठे, लांब व सुट्या काट्यांचे, कंदमुळे कुरतडणारे जनावर. ते उंदीर-खारींच्या कुळातले. जाहक वीतभरसुद्धा लांब नसतो, वजन पाव ते अर्धा किलोच्या घरात, काटे आखूड आणि दाट, आणि आहार मुख्यतः किड्यांचा. हिंदीत त्याला 'झाऊ चूहा' किंवा 'काँटा चूहा' म्हणतात, परंतु उंदराशी त्याचे जवळचे नाते नाही. त्याचे खरे भाऊबंद म्हणजे आपल्या घरांतून चिकचिक करीत फिरणाऱ्या चिचुंद्र्या. गुजरातेत त्याला 'शेळो' हे स्वतंत्र नाव आहे.

भारतात जाहकाच्या तीन जाती आढळतात. आम्ही पाहिला तो लांबकान्या जाहक; काटे काळपट, कान मोठे. दुसरा फिक्या रंगाचा जाहक. त्याच्या काट्यांवर गडद-फिकट पट्टे असतात, तोंडावर काळसर मुखवटा चढविल्यासारखा दिसतो आणि डोक्यावर मधोमध, भांग पाडावा तशी, बिनकाट्याची एक रेघ असते. सहारा आणि अरबस्तान येथील प्रसिद्ध वाळवंटी जाहक हा या दुसऱ्याचाच जवळचा आप्त. तिसरी जात दक्षिण भारतातली, मद्रासी जाहक या नावाने ओळखली जाणारी. पहिल्या दोन्ही जाती थरच्या परिसरात एकाच मुलखात नांदतात.

लांबकान्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३० साली. जनरल हार्डविक यांनी भारतीय चित्रकारांकडून येथील प्राण्यांची शेकडो चित्रे काढून घेतली होती, आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन ग्रे यांनी त्यांवरून ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यात या प्राण्याची नोंद आली. फिक्या जाहकाचे वर्णन १८४६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइथ यांनी केले. परंतु हा प्राणी जगतो कसा, याचा चिकाटीने अभ्यास झाला तो स्वातंत्र्यानंतर आणि आपल्याच शास्त्रज्ञांकडून. कृष्ण व ईश्वर प्रकाश या दोघांनी राजस्थानच्या वाळवंटातील जाहकांची बिळे, त्यांचे खाणे आणि त्यांची वीण यांविषयी १९५५ पासून लेखमाला लिहिली, ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. पुढे ईश्वर प्रकाश यांनी जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत राहून वाळवंटातल्या लहान प्राण्यांवर आयुष्यभर काम केले.

जाहकाची सारी राहणी उन्हापासून बचाव आणि पाण्याची काटकसर यांवर बेतलेली आहे. दिवसा वाळू तव्यासारखी तापलेली असते, तेव्हा तो झुडपाच्या बुडाशी खणलेल्या एकाच तोंडाच्या साध्या बिळात एकटाच झोपून असतो. जमिनीखाली हातभर गेले तरी गारवा मिळतो. सूर्य मावळल्यावर तो बाहेर येतो. लांब कानांच्या पातळ त्वचेतून अंगातली उष्णता बाहेर टाकली जाते. ऐकण्याच्या कामी तर ते येतातच. भुंगेरे, वाळवी, नाकतोडे, विंचू, पाली-सरडे, पावसाळ्यात बेडूक आणि जमिनीवर घातलेली अंडी असा त्याचा आहार आहे. पाण्याचा बराचसा वाटा त्याला या ओल्या अन्नातूनच मिळतो. अन्नपाण्याची फारच टंचाई झाली, किंवा थंडी कडक पडली, तर तो अंगातले सारे व्यवहार मंद करून बिळात निपचित पडून राहतो. फिका जाहक तर उरलेले अन्न पुढच्या वेळेसाठी बिळात नेऊन ठेवतो, असेही दिसून आले आहे. काटकसरी गृहिणीने चार दाणे मागे ठेवावेत, त्यातलाच हा प्रकार!

वीण पावसाळ्यात होते, कारण किड्यांचा सुकाळ तेव्हाच असतो. पिले जन्मतात तेव्हा आंधळी असतात आणि त्यांचे काटे मऊ असतात. आईला इजा होऊ नये अशी ही निसर्गाची सोय. थोड्याच दिवसांत काटे कडक होतात. हे काटे म्हणजे केसांचेच रूपांतर आहे. ते विषारी नसतात, आणि जाहक ते फेकूनही मारीत नाही. शत्रू दिसला की तो डोके व पाय पोटाशी घेतो आणि पाठीच्या कडेने फिरलेला एक गोलाकार स्नायू आवळतो. बटव्याची दोरी ओढली की तोंड मिटावे, तसा तो स्वतःच्या काटेरी कातडीत मिटून जातो. कोल्हा, मुंगूस, रानमांजर यांना हा गोळा सहसा उलगडत नाही. मोठ्या घुबडासारखा एखादा शिकारीच त्याला भारी पडतो. हे युद्धतंत्र अतिशय जुने आहे, आणि त्याचा एकच नियम आहे: पळू नये, जागीच घट्ट मिटून राहावे.

"याचा शेताला उपद्रव होतो का?" मी बाबोसांना विचारले.

ते हसले. "माझे वडील सांगायचे, पेरणीच्या दिवसांत झाऊ दिसला तर त्याला वाट द्यावी. का, ते त्यांना ठाऊक नव्हते. मला आता ठाऊक आहे." पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री जमिनीतून बाहेर पडतात, त्यांची अळी पुढे बाजरीची व भुईमुगाची मुळे कुरतडते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. हुमणीचा त्रास महाराष्ट्रातील ऊस आणि भुईमूग पिकविणाऱ्यांनाही चांगलाच परिचित आहे. भुंगेऱ्यांवर ताव मारणारा हा प्राणी नेमका त्याच रात्री, त्याच शेतात फिरत असतो. बाबोसा वई काढून तारेचे कुंपण घालीत नव्हते, त्याचे हेही एक कारण होते. थोरल्या मुलाला ते पटत नसे. तार एकदा घातली की वर्षानुवर्षे टिकते, वई दरसाल दुरुस्त करावी लागते, हा त्याचा मुद्दा. आणि तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळचे ओरण दाखविले. ओरण म्हणजे देवीच्या किंवा लोकदेवतेच्या नावाने राखून ठेवलेले रान. तिथे गुरे चरतात, पण झाडाला कुऱ्हाड लागत नाही. आपल्याकडच्या देवराईचीच ही मरुभूमीतली बहीण. खेजडीखाली, केराच्या जाळ्यांत जागोजागी लहान बिळे होती. राजस्थानात झाडांसाठी प्राण देण्याची परंपरा आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी आणि त्यांच्यासह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी खेजडीला मिठी मारून बलिदान केले, ही कथा तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. ओरणाच्या पलीकडे मात्र उंच मनोरे आणि विजेच्या तारा क्षितिजापर्यंत गेलेल्या दिसत होत्या.

माझी परतीची गाडी रात्रीची होती. निघताना गप्पांत उशीर झाला. स्नेह्यांचा पुतण्या जीप चालवीत होता. "गाडी चुकेल, जरा वेगाने घे," असे मीच त्याला दोनदा म्हणालो. नवा रस्ता रुंद, गुळगुळीत आणि मोकळा होता. पावसाच्या गारव्याने किडे रस्त्यावर उतरले होते आणि दिव्यांच्या झोतात ते उडताना दिसत. एकाएकी समोर काहीतरी लहानसे दिसले. ते पळाले असते तर वाचले असते, इतका वेळ होता. पण ते पळाले नाही. ते जागीच मिटले. जीप थांबेपर्यंत आम्ही त्यावरून पुढे गेलो होतो.

पुतण्या खाली उतरला, मागे जाऊन पाहून आला आणि काही न बोलता जीप सुरू केली. गाडी मला मिळाली. रात्रभर डब्यात मला झोप लागली नाही. कोल्ह्यापासून, मुंगसापासून ज्या युक्तीने त्याच्या पूर्वजांना लाखो वर्षे तारले, तीच युक्ती डांबरी रस्त्यावर त्याला मारते, आणि तिथे घाई माझी होती, ही गोष्ट मनातून जाईना.

घरी आल्यावर मी या प्राण्याविषयी मिळेल ते वाचले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत भारतातील तिन्ही जाहक 'किमान चिंता' या वर्गात आहेत, हे पाहून प्रथम बरे वाटले. पण या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्राणी मोठ्या प्रदेशात पसरलेला आहे, त्याची संख्या मोठी असावी आणि ती झपाट्याने घसरत असल्याचे दिसत नाही, एवढेच हा वर्ग सांगतो. त्याच्याविषयी आपण निष्काळजी राहावे, असे तो सांगत नाही. थरमधील माळढोक, जो आपल्या सोलापूरच्या माळांवरही कधी मुबलक होता, आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. मोठा पक्षी कमी झाला तर डोळ्यांत भरते. रात्री फिरणारा, दिवसा बिळात असणारा मूठभर प्राणी कमी झाला तर ते कोणाच्या लक्षात येणार?

वाळवंट बदलत आहे, आणि ते बदलणे सर्वस्वी वाईट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५८ साली काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्याने, ज्याला पुढे इंदिरा गांधी कालवा हे नाव मिळाले, तहानलेल्या मुलखात पाणी आणले. मुख्य कालवा आणि त्याला पाणी देणारा कालवा मिळून त्याची लांबी सुमारे ६५० किलोमीटर आहे. ज्या घरातील बायकांनी डोक्यावर हंडे घेऊन कोसन्‌कोस पायपीट केली, त्यांच्या लेकीसुनांना त्याचे मोल विचारावे. फलोदीजवळ भडला येथे सुमारे १४ हजार एकरांवर सौर विजेचा प्रकल्प उभा आहे; कोळशाचा धूर न करता वीज मिळते, हेही लहान काम नाही. पण पाणी आले की माळाचे ओलिताचे शेत होते, वई जाऊन तार येते, कीटकनाशकाची फवारणी सुरू होते आणि किड्यांवर जगणाऱ्याचे ताट रिकामे होते. सौर पाट्यांसाठी झुडपे काढून जमीन सपाट केली जाते. रस्ते रुंद होतात आणि रात्रीही वाहते राहतात. यांतले कोणतेच काम जाहकाचा जीव घेण्यासाठी केलेले नाही. त्याचा विचारच कोणाच्या मनात आलेला नसतो.

कायद्याचे छत्र आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत जाहकाचे नाव होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची नव्याने मांडणी झाली. जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांतील ३,१६२ चौरस किलोमीटरांचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान १९८० पासून आहे. पण जाहकाचा पुष्कळसा संसार उद्यानाबाहेर, माणसाच्या शेताच्या कडेला आणि ओरणात चालतो. कित्येक ओरणे महसुली दप्तरात नुसती पडीक जमीन म्हणून लिहिलेली असतात, आणि पडीक जमीन कोणत्याही कामाला देता येते. या दृष्टीने डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांची पाहणी व मोजणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याविषयी दिलेला आदेश महत्त्वाचा आहे. तो कागदावरून जमिनीवर जितक्या लवकर उतरेल, तितक्या लवकर त्या लहान बिळांना खरे संरक्षण मिळेल.

आपण काय करावे? दक्षिणेत तमिळनाडूच्या काही भागांत खोकल्यावर औषध म्हणून जाहकाचे काटे वापरण्याची समजूत आहे. मुलाला खोकला झाला तर वैद्य-डॉक्टरांकडे जावे, या मुक्या जीवाकडे नव्हे. कोणी तो पाळण्यासाठी विकत देऊ केला तर घेऊ नये. मुलांना तो दिसला तर दगड-काठीने डिवचू देऊ नये. विजेरी बाजूला करून दहा मिनिटे गप्प बसायला शिकवावे. आणि पावसाळ्याच्या पहिल्या रात्रींत माळरानातून वाहन नेताना वेग थोडा कमी ठेवावा. हा शेवटचा उपदेश करण्याचा अधिकार मला फारसा नाही, हे मी जाणतो.

ढाणीहून स्नेह्यांचा निरोप येत असतो. वईचा वाद तिथे अर्धाअर्धा मिटला आहे. रस्त्याच्या बाजूला तार लागली, ओरणाच्या बाजूला बोरीची वई राहिली. यंदा पाऊस पडल्यावर नातवाने फोनवरून मला मुद्दाम कळविले की, वईपाशी एक मोठा झाऊ आणि त्यामागे दोन लहान असे तीन दिसले. "मी उचलले नाहीत," असेही त्याने लगेच सांगून टाकले.